गोल्फ आर: स्प्रिंग बदलल्यापासून डॅम्परचा पिवळा इशारा. सेन्सर गेला की आणखी काही?

चौथा_गियर, मिल्टन कीन्स, इंग्लंड

नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन गोल्फ आर, २०१७ च्या फेसलिफ्टनंतरची, ३१० पीएस, डीएसजी ऑटोमॅटिक गियरबॉक्स. कंपनीकडूनच डीसीसी असलेली, म्हणजे बटणावर मऊ-कडक होणारे शॉकअप (डॅम्पर). शॉकअप मूळचेच ठेवलेत. फक्त चारही स्प्रिंग बदलून घेतल्या आणि गाडी साधारण २५ मिलिमीटर खाली आली. इंजिनाला स्टेज वनचं ट्यूनिंग आधीपासून आहे, त्याचा इथे संबंध नसावा. विमा कंपनीला दोन्ही बदल कळवलेले आहेत.

काम इथल्या एका गॅरेजमध्ये झालं. गाडी घेऊन निघालो तेव्हा डॅशबोर्डवर काही नव्हतं. घराजवळच्या स्पीडब्रेकरवरून गेलो आणि शॉकअपच्या चित्राचा पिवळा इशारा आला. तेव्हापासून कम्फर्ट लावा नाहीतर रेस, गाडी सारखीच धावते आणि खराब रस्त्यावर कंबर धरते. बंद करून चालू केली की कधी इशारा जातो, पण पहिल्या खड्ड्यात परत हजर. रात्री आणखी एक जाणवलं: हेडलाइटचा उजेड पूर्वीपेक्षा फारच जवळ पडतोय.

घरच्या स्कॅनरवर १४ नंबरच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे डॅम्परच्या कंट्रोल युनिटमध्ये, दोन एरर दिसतात. मागच्या डाव्या लेव्हल सेन्सरचा, म्हणजे तिथली गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल विश्वासार्ह नाही, ही पहिली. बेसिक सेटिंग नाही किंवा चुकीचं आहे, ही दुसरी. डिलीट केल्या तर दुसरी तिथल्या तिथे परत येते. गॅरेजवाले म्हणतात सेन्सर गेलाय, नवा टाका. पैसे घालायला हरकत नाही, पण आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीत असलेला सेन्सर स्प्रिंग बदलताच कसा जातो, हे पटत नाही. कुणी या वाटेने गेलंय का?

ओहम_पाटील, कोल्हापूर

सेन्सर एवढ्यात घेऊ नका. आमच्याकडे रोज स्कॅनर लागतो म्हणून सांगतो, एररमधला शब्द नीट वाचायचा. तार तुटली, कपलर निघाला, सेन्सर आतून मेला, तर युनिट "ओपन सर्किट" किंवा "शॉर्ट" म्हणतं. तुमच्याकडे ते म्हणतंय की सिग्नल येतोय पण खरा वाटत नाही. म्हणजे सेन्सर जिवंत असण्याची शक्यता जास्त.

दुसरी एरर तर यायलाच हवी होती. गाडीची उंची बदलली की युनिटला नवी उंची शिकवावी लागते. ते झालं नाही तर ती एरर कितीही वेळा पुसा, परत येणार. पण शिकवण्याची घाई नको. चुकीच्या आकड्यावर शिकवलं तर चुकीचंच शिकेल.

आता एवढं करा. आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा, इंजिन बंद असताना १२.४ च्या आत असेल तर चार्जर लावा. व्होल्टेज पडलं की या गाड्या नसलेल्या तक्रारी सांगतात. मग सपाट जागी, गाडी रिकामी, स्कॅनरवर तिन्ही लेव्हल सेन्सरचे चालू आकडे लिहून घ्या. नंतर डिकीच्या डाव्या कडेवर कुणाला तरी बसवा आणि परत लिहा. सोबत टेपने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा, बसण्याआधी आणि बसल्यावर. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात शिरते.

गार्डन_स्टेट, न्यू जर्सी

माझी गाडी वेगळी, कॉर्व्हेट, पण आजार ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्याकडे मॅग्नेटिक राइड असतं. शॉकअपच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण, पिस्टनमध्ये कॉइल. करंट वाढवला की तेल दाटतं. हे तंत्र पहिल्यांदा २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आलं आणि लगेच २००३ च्या कॉर्व्हेटमध्ये. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो. "सर्व्हिस राइड कंट्रोल" हा संदेश आमच्या लोकांना पाठ आहे. पाचव्या पिढीच्या काही गाड्यांत तर सोबत "कमाल वेग ८० मैल" अशीही ताकीद यायची. घाबरलेले मालक थेट महागडे शॉकअप बदलायच्या गोष्टी करायला लागायचे.

प्रत्यक्षात बऱ्याचदा काय निघतं? सेन्सरचा लिवर आणि चाक धरणारा खालचा आर्म यांना जोडणारा जो छोटा लिंक रॉड असतो, त्याच्या टोकाची प्लास्टिकची वाटी बॉलवरून निसटलेली असते. स्प्रिंग किंवा शॉकअपचं काम झाल्यावर तर हमखास, कारण आर्म खाली लोंबकळतो आणि सगळा ताण त्या काडीएवढ्या रॉडवर येतो. म्हणून आधी टॉर्च घेऊन खाली वाका. स्कॅनरवर जे तासभर शोधाल ते कधी कधी डोळ्यांनी लगेच दिसतं.

सिंहगड_रोड, पुणे

+१. माझी ऑक्टेव्हिया आरएस २४५, भारतात २०२० मध्ये २०० गाड्या आल्या त्यांतली. डीसीसी नाही, पण हेडलाइट आपोआप वर-खाली होतात, त्यासाठी पुढे-मागे डाव्या बाजूला असेच सेन्सर आहेत. मीही गाडी थोडी खाली घेतली आहे. ताम्हिणीतून भर पावसात आलो आणि हेडलाइटची एरर. खाली बघितलं तर मागच्या लिंक रॉडच्या सांध्यात लाल माती जाऊन तो जाम झालेला, आणि रॉड मधोमध वाकलेला. सेन्सरला काहीच झालं नव्हतं. रॉड बदलला, काम झालं.

इथल्या वाचकांसाठी एक जोड: आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक निकाल दिलेला आहे. गाडी खाली घेण्याआधी ते वाचा, आणि विम्याच्या कागदांवर काय परिणाम होतो तेही विचारा.

म्युनिककर

वेगळं मत मांडतो. माझ्या बीएमडब्ल्यू एम३ ला, एफ८० ला, मी कंपनीचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढून पूर्ण मेकॅनिकल कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, घातले. मग गाडी अर्थातच इशारा देते, कारण शॉकअपमधले करंटवर चालणारे जे व्हॉल्व तिला हवेत ते जागेवर नाहीत. त्यावर दोन उपाय. शॉकअपच्या कपलरला रेझिस्टन्सचे डबे लावायचे, म्हणजे युनिटला वाटतं व्हॉल्व आहेत. नाहीतर कोडिंग करून गाडीच्या पर्यायांच्या यादीतून इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन काढून टाकायचं. मी दुसरा केला. केडब्ल्यूसारख्या सस्पेन्शनच्या कंपन्या स्वतःच पहिल्या प्रकारचा कॅन्सलेशन किट देतात. इथे जर्मनीत ट्यूफ या तपासणी संस्थेकडून तपासून कागदावर नोंदही झाली. इशारा गेला तो गेलाच. तुम्ही पुढे कॉइलओव्हर घालणारच असाल तर या सेन्सरच्या मागे का लागता? सरळ काढून टाका.

स्वरदा_के, पुणे

म्युनिककर, तुमच्या गाडीत ते बरोबर आहे, कारण ज्यावर नियंत्रण ठेवायचं ती वस्तूच तुम्ही काढलीत. चौथा_गियर यांच्या गाडीत चारही डीसीसी शॉकअप जागेवर आहेत आणि चांगले आहेत. तिथे रेझिस्टन्स लावून किंवा कोडिंगने युनिट गप्प केलं तर शॉकअपना करंट मिळणार नाही. व्हॉल्व एका ठराविक पातळीवर अडकून राहील आणि आज जी कंबर धरणारी गाडी आहे तीच कायमची होईल. शिवाय डीसीसी असलेल्या या गाड्यांत हेडलाइट आपली उंची याच सेन्सरांकडून घेतात. उजेड जवळ पडतोय ही तक्रार म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. दिवा गप्प करून ती जाणार नाही.

मी सस्पेन्शनच्या चाचण्यांमध्ये काम करते, म्हणून थोडं आतलं सांगते. गोल्फमध्ये लेव्हल सेन्सर तीनच असतात: पुढचे दोन आणि मागचा डावा. मागच्या उजव्याला नाही. तिवईच्या तीन पायांवरून तिचा पाट कसा कललाय ते कळतं, चौथा पाय लागत नाही. तीन उंचींवरून बॉडीची पातळी कळते. त्याशिवाय बॉडीवर तीन ॲक्सेलरोमीटर असतात. लेव्हल सेन्सर सांगतात चाक बॉडीच्या तुलनेत कुठे आहे, ॲक्सेलरोमीटर सांगतात बॉडी स्वतः वर उसळतेय की खाली. दोन्ही जुळवून युनिट ठरवतं की या क्षणी कोणत्या शॉकअपला किती करंट द्यायचा. एकाने जरी न पटणारं सांगितलं तर युनिट हिशेब थांबवतं आणि इशारा देतं. हे त्याने करायलाच हवं. दीडशेच्या वेगाने लेन बदलताना चुकीच्या आकड्यावर एक शॉकअप मऊ आणि दुसरा कडक झालेला कुणालाच नको.

एक प्रश्न: स्प्रिंग बदलताना मागच्या आर्मचे बोल्ट कधी आवळले? चाकं हवेत लोंबत असताना की गाडी आपल्या वजनावर बसलेली असताना? गॅरेजला विचारा. आर्मच्या सांध्यातला रबरी बुश आर्मच्या ज्या कोनात आवळता त्या कोनात चिकटून बसतो. लोंबत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, गाडी काही मिलिमीटर वर धरून ठेवतो आणि लवकर फाटतो. उंचीचा आकडा त्यामुळेही बिघडतो.

आणि गाडीखाली शिरण्याआधी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर भरवसा नको.

चौथा_गियर

सगळ्यांचे आभार. बॅटरी १२.६. डांबरी पार्किंगमध्ये, सपाट जागी घेतलेले आकडे, मिलिमीटरमध्ये:

गाडी रिकामी: पुढचा डावा −२३, पुढचा उजवा −२४, मागचा डावा −७१.

शेजारच्या काकांना डिकीच्या डाव्या कडेवर बसवल्यावर: पुढचे दोन्ही किंचित वर, −२१ आणि −२३. मागचा डावा −६४.

टेपने मागचं डावं आणि मागचं उजवं अंतर रिकाम्या गाडीत जवळजवळ सारखं, दोन मिलिमीटरचा फरक. काका बसल्यावर डावीकडचं अंतर १४ मिलिमीटरने कमी झालं.

म्हणजे −७१ हा आकडा तर उघड खोटा. मागचा भाग एवढा खाली असता तर टायर मडगार्डमध्ये घुसला असता. पण काका बसल्यावर तो −६४ झाला, त्याचा अर्थ लागत नाही. गॅरेजला बुशचं विचारलं: लिफ्टवरच आवळले म्हणाले. त्यावरही बोलणं चालू आहे.

ओहम_पाटील

आकडे छान घेतलेत. त्या −६४ मध्येच उत्तर आहे.

टेप म्हणतो गाडी १४ मिलिमीटर खाली बसली. सेन्सर म्हणतो ७ मिलिमीटर वर आली. मेलेला सेन्सर एकाच आकड्यावर थांबतो. झिजलेला सेन्सर उड्या मारतो. रॉड निसटला असता तरी वजन टाकल्यावर आकडा हलला नसता. तुमचा सेन्सर हलतोय, गुळगुळीत हलतोय, फक्त उलट्या दिशेने. माझ्या हिशेबाने सेन्सरचा लिवर उलटा पडलाय.

हे कसं होतं ते बघा. लिवर आणि लिंक रॉड मिळून कोपरासारखा वाक असतो आणि तो नेहमी एकाच बाजूला असायला हवा. गाडी रस्त्यावर असताना आर्म जेवढा वर-खाली होतो तेवढ्यात हा वाक सरळ होत नाही. पण मागची स्प्रिंग काढायला फिटर आर्म नेहमीपेक्षा खूप खाली दाबतो. लिंक रॉड आधी सोडला नसेल तर तो लिवरला ओढत नेतो, दोन्ही एका रेषेत येतात, डेड सेंटर ओलांडला जातो. मग नवी स्प्रिंग बसवून आर्म वर आणला की वाक विरुद्ध बाजूला पडतो. काही तुटत नाही, काही निसटत नाही, टॉर्चने बघितलं तरी सगळं जोडलेलं दिसतं. म्हणून गॅरेजला सेन्सर गेला असं वाटलं.

हेडलाइटचंही यातच येतं. −७१ म्हणजे हेडलाइटच्या हिशेबाने डिकीत भरमसाट सामान आहे, मागचा भाग बसलाय, नाक वर आलंय. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून ते बीम खाली घेतात. ते बरोबर वागतायत, त्यांना चुकीचं सांगितलं जातंय.

तशाच गाडीच्या मागच्या डाव्या सेन्सरचा फोटो कुणाकडे असेल तर टाका. उजव्या बाजूला सेन्सर नाही, त्यामुळे तुलनेला त्यांच्या गाडीत दुसरा नमुना नाही.

चौथा_गियर

पाटीलसाहेब, तंतोतंत तेच निघालं.

एका सभासदाने आपल्या गोल्फचा फोटो व्यनिने पाठवला. गाडी स्टँडवर घेतली, मागचं डावं चाक काढलं, टॉर्च मारला. फोटोतला वाक ज्या बाजूला, माझा बरोबर विरुद्ध. आणि जवळून पाहिल्यावर सेन्सरच्या ब्रॅकेटवर बोटाच्या पेराएवढी ताजी, चकचकीत रेघ. काळा लेप खरवडून खालचा धातू दिसत होता. लिवरचं टोक दर खड्ड्याला तिथे घासत होतं. पहिल्या स्पीडब्रेकरवरच इशारा का आला तेही यावरून कळलं.

लिंक रॉडचा खालचा नट सोडला. लिवर हाताने टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवला आणि बायकोने आत बसून स्कॅनरवरचा आकडा वाचला. कुठेही उडी नाही, कुठेही अडकणं नाही. मग लिवर बरोबर बाजूला आणून रॉड जोडला, चाक लावलं, गाडी खाली घेतली, थोडी पुढे-मागे ढकलली आणि आकडा पाहिला: −२५. काका परत बसले: −३९. टेपनेही १४च.

पहिली एरर पुसली ती आली नाही. बेसिक सेटिंगची आहेच. ते आता करू का?

स्वरदा_के

अजून नको. आधी बुश. मागच्या आर्मचे आतले बोल्ट सैल करून, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी असताना परत आवळायला हवेत. फोक्सवॅगनच्या दुरुस्तीच्या पद्धतीतही रबरी बुशचे बोल्ट रिकाम्या गाडीच्या उंचीला आवळायचे असंच आहे. यातले काही बोल्ट टॉर्क देऊन वर ठराविक कोनात फिरवायचे असतात. ते ताणले जातात, म्हणून परत वापरायचे नसतात. गॅरेजकडून नवे बोल्ट मागून घ्या. त्यांच्या खर्चाने झालं पाहिजे असं माझं मत. हे झाल्यावर मागची उंची थोडी बदलेल. आत्ता शिकवलंत तर परत शिकवावं लागेल. नव्या स्प्रिंगही सुरुवातीला थोड्या बसतात. दोन-तीनशे मैल चालू द्या, मग करा.

म्युनिककर

स्वरदाताईंचा मुद्दा मान्य. शॉकअप जागेवर असताना कोडिंगने काढू नये, हे माझ्या आधीच्या प्रतिसादात यायला हवं होतं, म्हणजे कुणी अर्धवट वाचून तसं करणार नाही. एक माहिती देतो: उंची बदलता येणारं काही हवंच असेल तर इलेक्ट्रॉनिक शॉकअप तसेच ठेवून फक्त स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येईल असे स्प्रिंग किट मिळतात. आणि गाडीच्या मूळ युनिटशीच जोडले जाणारे कॉइलओव्हरही मिळतात. महाग आहेत, पण मग बटणं चालू राहतात.

गार्डन_स्टेट

गाडी आणखी खाली घेणाऱ्यांसाठी: लिवर एका मर्यादेपर्यंतच फिरतो. ४०-५० मिलिमीटर खाली गेलात की साध्या रस्त्यावरसुद्धा तो टोकाला पोचतो आणि "सिग्नल कमाल मर्यादेबाहेर" अशा एरर येतात. तेव्हा लांबी बदलता येणारा लिंक रॉड लावतात, म्हणजे लिवर परत मधल्या पट्ट्यात येतो. काही जण तेवढ्यावरच थांबतात, कारण गाडीला वाटतं ती मूळ उंचीवर आहे आणि दिवा जातो. रॉड लावल्यावरसुद्धा उंची मोजून शिकवायलाच हवी. हेडलाइटही तपासायला हवेत.

चौथा_गियर

बुशचं काम झालं, गॅरेजने नवे बोल्ट घातले आणि पैसे घेतले नाहीत. मागचा भाग टेपवर चार मिलिमीटर खाली आला. त्यांना लिवरचा फोटोही दाखवला. आता मागची स्प्रिंग काढताना लिंक रॉड आधी सोडणार म्हणाले.

पण नवीन काहीतरी आहे. परवा मोटारवेवर मुसळधार पावसात इशारा परत आला. घरी येऊन पाहिलं तर या वेळी पुढचा उजवा लेव्हल सेन्सर, ओपन सर्किट, तुरळक. सोबत पुढच्या डाव्याचीही एक तुरळक नोंद. कोरड्यात काही नाही. सगळे आकडे ठीक. मागचं काम केल्यावर पुढचं कसं बिघडलं?

ओहम_पाटील

हा वेगळा आजार आहे, मागच्याशी जोडू नका. शब्द बघा, आता "ओपन सर्किट" आलंय. पाणी लागलं की येतं, सुकलं की जातं. कपलर बघायचा.

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर कपलरमध्ये गेलं की पिना हिरव्या पडतात. आमच्याकडे मीठ नाही, पण साखर कारखान्यांच्या हंगामात मळीचं पाणी सांडलेल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत असलेच कपलर येतात.

पुढच्या डाव्याची नोंदही आली म्हणून तोही गेला असं समजू नका. सेन्सरांना युनिटकडून पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो सामायिक असतो. एका कपलरमध्ये पाणी शिरून पुरवठा खाली ओढला गेला की शेजारचाही क्षणभर डगमगतो. आधी एक दुरुस्त करा आणि मग बघा दुसरा राहतो का.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कपलर सोडा, पिना आणि रबरी सील दोन्ही बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा, पॉलिशपेपर नको, पिनांचा मुलामा जातो. जोडल्यावर चालू आकडे बघत वायर हळूच हलवा, अर्धा फूट मागेपर्यंत. आकडा हलला तर वायर आतून तुटलेली.

चौथा_गियर

सील दुमडलेली होती. कपलर अर्धवटच बसला होता, लॉक लागलेलं नव्हतं. पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) काढताना कुणीतरी सोडला असावा. तीन पिनांपैकी एक हिरवी. साफ केली, सील सरळ केली, लॉक टक् करून बसलं. वायर हलवली, आकडा स्थिर. त्यानंतर पाऊस भरपूर झाला, इशारा नाही. पुढच्या डाव्याची नोंदही परत आली नाही.

मग बेसिक सेटिंग केलं. स्कॅनरने चारही चाकांचं मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मागितलं, ते टेपने दोनदा मोजून दिलं. हवा दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे, दरवाजे बंद, आत कुणी नाही, चार्जर लावलेला. स्वीकारलं. १४ नंबरमध्ये आता एकही एरर नाही. कम्फर्टमध्ये गाडी खरंच मऊ झाली, आणि रेसमध्ये कोपऱ्यात शिरताना पुढचा भाग कसा बसतो ते पहिल्यांदा नव्या स्प्रिंगसह अनुभवलं. यासाठीच एवढा खटाटोप होता.

हेडलाइटचं बेसिक सेटिंग वेगळं करावं लागलं. ते स्वतः भिंतीवर रेघ मारून न करता एमओटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, करणाऱ्या एका केंद्रात बीमच्या यंत्रासमोर करून घेतलं. एमओटीत हेडलाइटची दिशा तपासतातच, त्यामुळे तेही एकदा निपटलं.

सिंहगड_रोड

अभिनंदन! हा धागा वाचून काल माझ्याही गाडीवर डिकीत बसण्याची चाचणी केली. रॉड बदलल्यानंतर उंची शिकवलीच नव्हती. आकडा बरोबर दिशेने हलतो, पण सुरुवातच चुकीच्या जागेवरून आहे. समोरून येणारे सारखे डिपर मारतात त्याचं कारण हेच असणार. पाटीलसाहेब, पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला येतोय, तुमच्याकडे होईल का?

ओहम_पाटील

होईल की. येताना टाकी काठोकाठ भरून या, वायपरचं पाणी भरा, स्टेपनी जागेवर असू द्या. कंपनी रिकामी गाडी म्हणते ती अशी: माणसं आणि सामान नाही, पण टाकी भरलेली. डिकीतला सबवूफर असेल तर काढायचा की ठेवायचा ते आधी ठरवा. कायम राहणार असेल तर तो धरूनच मोजू. टायरची हवा आदल्या रात्री भरली तरी इथे गाडी तासभर थंड होऊ देऊ आणि परत बघू. आणि सकाळी लवकर या, दुपारी शेडमध्ये बीमची रेघ नीट दिसत नाही.